धावपळ चालते, धावणे चालत नाही

या अंकाचे संपादकीय गुडघ्याच्या पट्ट्यावर आहे हे पाहून काही मैत्रिणींना हसू येईल. विषय संपले की काय, असेही कुणाला वाटेल. विषय संपलेले नाहीत. पण गेल्या काही महिन्यांत वेगवेगळ्या गटांच्या बैठकांना गेले, तेव्हा सतरंजीवर बसण्यापासूनच या विषयाची सुरुवात होत होती. पूर्वी आपल्या बैठकीत खुर्ची असे ती पाहुणीसाठी. आता निम्म्या जणी ‘मला नाही गं खाली बसता येत’ म्हणत भिंतीकडेला खुर्च्या ओढतात. त्यांतल्या तिघी-चौघींनी बैठक संपल्यावर मला बाजूला घेऊन एकच गोष्ट विचारली. सकाळी मैदानावर चालायला जात होते, मग जमेल तसे हळूहळू धावायला लागले, बरे वाटत होते, आता गुडघा बोलायला लागलाय. डॉक्टर संधिवात म्हणतात. कुठला पट्टा घेऊ म्हणजे धावणे सोडावे लागणार नाही? विचारताना आवाज इतका खाली, जणू काही भलतेच विचारत आहेत.

आरोग्याचा प्रश्न आपल्या चळवळीने कधी सोडलेला नाही. नेट-एन या इंजेक्शनच्या प्रश्नावर १९८६ साली स्त्रियांच्या संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या लढ्यातून महाराष्ट्रात १९८८ साली देशातला पहिला कायदा झाला. बाळंतपण, पाळणा थांबवणे, अंगावरून जाणे, पिशवी काढणे, यावर आपण शिबिरे घेतली, पोस्टर्स काढली, गाणी रचली. ते सारे आवश्यकच होते आणि आजही आहे. पण या सगळ्यात बाईचे आरोग्य म्हणजे बेंबीखालचे आणि मांडीवरचे, अशी एक समजूत आपल्याही अंगवळणी पडली. सरकारचे लक्ष गर्भाशयावर होते म्हणून आपलेही तिथेच खिळले. पाळी गेली, की बाई सरकारच्या रजिस्टरातून जाते आणि थोडीफार आपल्याही अजेंड्यावरून. नेमका त्याच वयात तिचा गुडघा कुरकुरायला लागतो. गुडघ्याची झीज पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आढळते आणि पन्नाशीनंतर हा फरक वाढत जातो. उकिडवे बसून आणि गुडघे टेकून करायच्या कामांनी या झिजेला हातभार लागतो, हे संशोधनातून दिसले आहे. भातलावणी, फरशी पुसणे, चुलीपुढे बसणे, नदीवर धुणे ही कामे घरात आणि शेतात कुणाच्या वाट्याला येतात ते इथे सांगायला नको.

आता धावण्याचे. बाई दिवसभर धावतच असते. नळाला पाणी आले की धावते, लोकल चुकू नये म्हणून जिन्यावरून धावते, सासऱ्यांच्या औषधाची वेळ झाली म्हणून धावते. तिच्या गुडघ्याचे काय होईल ही काळजी तेव्हा कुणालाही पडत नाही. पण तीच बाई पहाटे बूट घालून मैदानावर, कुणासाठीही नाही, नुसती धावायला निघाली, की सगळ्यांना एकदम तिचा गुडघा आठवतो. धावपळ चालते, धावणे चालत नाही.

हे आपल्याकडचेच आहे असेही नाही. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये बायका पहिल्यांदा ८०० मीटर धावल्या. त्या दमलेल्या दिसल्या, म्हणून ती शर्यत बंद केली गेली, ती थेट १९६० साली परत आली. पुरुष दमले म्हणून कुठली शर्यत बंद केल्याचे मी ऐकलेले नाही. लांब धावले तर बाईचे गर्भाशय खाली सरकेल, असे सांगितले जाई. पुन्हा गर्भाशयच! १९६७ साली बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये कॅथरिन स्विट्झर धावत असताना एका अधिकाऱ्याने तिच्या अंगावर धावून जाऊन तिचा नंबर ओढून काढण्याचा प्रयत्न केला. तिथे बायकांना रीतसर धावायला १९७२ साल उजाडले, आणि ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन १९८४ साली आली. ती पहिली मॅरेथॉन जिंकणाऱ्या जोन बेनॉइटच्या गुडघ्यावर निवड-शर्यतीच्या अवघे सतरा दिवस आधी दुर्बिणीने शस्त्रक्रिया झाली होती. हे उदाहरण गिरवा असे मी कुणालाच सांगणार नाही. पण दुखरा गुडघा आणि धावणारी बाई ही जोडी आजची नाही, एवढे त्यातून कळते.

आणि आपल्या बारामतीच्या लता करे. साठी ओलांडलेल्या, नऊवारी नेसून, अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. नवऱ्याच्या तपासणीला पैसे हवे होते म्हणून धावल्या. त्यांच्यावर २०२० साली चित्रपट आला आणि त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. त्यांच्या जिद्दीला माझा सलाम आहे. माझा प्रश्न टाळ्या वाजवणाऱ्यांना आहे. हीच बाई ‘मला धावायला आवडते’ एवढ्याच कारणाने नऊवारी खोचून रस्त्यावर उतरली असती, तर तिच्यावर चित्रपट निघाला असता का?

माझ्या स्वतःच्या डाव्या गुडघ्याबद्दल दोन शब्द, कारण पट्ट्यांची थोडीफार माहिती त्यानेच मला दिली. कॉलेजात कबड्डी खेळताना आतला लिगामेंट फाटला. अशी दुखापत झालेल्यांपैकी सुमारे निम्म्यांच्या गुडघ्यात पुढच्या दहा-वीस वर्षांत झीज सुरू होते, आणि एकाच खेळात मुलांपेक्षा मुलींना ही दुखापत अधिक होते. माझे वय आज सदतीस. एका रुग्णालयात एक्स-रे हातात घेऊन तिथले डॉक्टर म्हणाले, “मॅडम, आता पळून कुठं जायचंय?” सगळे हसले. बाईच्या बाबतीत ‘पळणे’ म्हटले की ‘पळून जाणे’च आठवावे, हे आपल्या भाषेनेही किती सोयीचे करून ठेवले आहे! मी धावते, धावू द्या, काय काळजी घेऊ ते सांगा, असे मला तीनदा सांगावे लागले, तेव्हा कुठे फिजिओथेरपिस्टकडे चिठ्ठी मिळाली.

धावल्याने गुडघा झिजतो, ही भीती बऱ्याच प्रमाणात निराधार आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात हौसेने धावणाऱ्यांपैकी साडेतीन टक्के लोकांत गुडघ्याची किंवा खुब्याची झीज आढळली, बैठे आयुष्य जगणाऱ्यांत ती दहा टक्क्यांहून थोडी जास्त होती. स्पर्धेसाठी अतोनात धावणाऱ्यांत मात्र तेरा टक्क्यांवर. ज्यांचा गुडघा आधीच झिजलेला आहे अशा पन्नाशीपुढच्या लोकांची पाहणी २०१८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. त्यातही, आपल्याला झेपेल तसे धावणाऱ्यांचा गुडघा न धावणाऱ्यांपेक्षा अधिक बिघडला असे दिसले नाही. म्हणून ‘संधिवात आहे, आता बसून राहा’ हा सल्ला काळजीपोटी दिलेला असला, तरी तो तपासून घ्यायला हवा.

एक सावधगिरी मात्र पहिल्यांदा. ‘संधिवात’ हा आपल्याकडे एकच शब्द असला तरी रोग अनेक आहेत. सकाळी उठल्यावर सांधे तासभर आखडलेले राहत असतील, बोटांचे सांधेही सुजत असतील, गुडघा गरम लागत असेल, तर तो आमवात असू शकतो. तोही बायकांतच दोन-तीन पटींनी जास्त. त्याला पट्टा हे उत्तर नाही. त्याला औषधे लागतात आणि ती जितकी लवकर सुरू होतील तितके सांधे वाचतात. सांधा सुजून पेटलेला असताना धावू नये. झिजेचा आखडलेपणा सहसा अर्ध्या तासाच्या आत सुटतो. हा फरक आधी डॉक्टरांकडून करून घ्यावा आणि मगच दुकानाची पायरी चढावी.

दुकानात काय होते ते आपण जाणतो. सर्जिकलच्या दुकानातला माणूस आपल्याकडे वरपासून खालपर्यंत पाहतो आणि ‘एक्सएल द्या रे’ म्हणून आत ओरडतो. मापाची टेप काउंटरच्या खणात पडून असते. खरे तर पट्टा निवडताना पहिला प्रश्न मापाचाही नाही. गुडघ्याला नेमके काय होते, हा आहे, आणि त्याचे उत्तर दुकानदाराकडे नसते, आपल्याकडे असते.

दुखणे मंद आणि सगळीकडे असेल, पाय टाकताना भरवसा वाटत नसेल, तर साधी नी कॅप, म्हणजे ताणणारी, नळीसारखी चढवायची, बहुतेकींना पुरते. ती हाडांवरचा भार कमी करत नाही. ऊब देते, हलका दाब देते आणि गुडघा कुठे आहे याचे भान मेंदूला जास्त राहते. एवढ्यानेही पाऊल निर्धास्त पडते. किंमत काही शेकड्यांत. जिना उतरताना, उतारावर, बराच वेळ बसून उठताना वाटीच्या मागे दुखत असेल, तर पुढे वाटीच्या जागी भोक असलेला आणि त्याभोवती गादीची कड असलेला पट्टा मिळतो. तो वाटीला जागेवर धरायला मदत करतो.

गुडघा दगा देत असेल, म्हणजे वळताना एकदम सटकल्यासारखा होत असेल, तर दोन्ही बाजूंना बिजागरी असलेला पट्टा लागतो. माझा तसा आहे. तो जड असतो, त्यात धावणे पहिले काही दिवस बैलाच्या गळ्यात लोढणे बांधल्यासारखे वाटते. आणि दुखणे फक्त आतल्या बाजूला असेल, पाय धनुष्यासारखे बाहेर वाकायला लागले असतील, तर ‘अनलोडर’ नावाचा पट्टा आहे. तो तीन ठिकाणी दाब देऊन झिजलेल्या बाजूवरचा थोडा भार दुसऱ्या बाजूकडे सरकवतो. तो डाव्या-उजव्या पायाचा वेगळा असतो, कुठल्या बाजूची झीज आहे त्यावर ठरतो आणि त्याची किंमत हजारांत जाते. एक्स-रे आणि फिजिओथेरपिस्ट यांच्याशिवाय तो घेऊच नये. मांडी वर जाड आणि खाली निमुळती असेल तर तो घसरतो, आणि आपल्यापैकी बहुतेकींची मांडी तशीच असते.

तज्ज्ञांमध्येही याबाबत एकमत नाही, हे माहीत असलेले बरे. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत, चालण्यावर, सांध्याच्या स्थिरतेवर किंवा दुखण्यावर पुरेसा परिणाम झालेला असेल तर गुडघ्याच्या पट्ट्याची जोरदार शिफारस आहे, वाटीच्या पट्ट्याची मात्र बेताची. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२२ साली उलट सांगितले की पट्टे सरसकट देऊ नयेत. सांधा अस्थिर असेल किंवा भार चुकीचा पडत असेल, पट्ट्यावाचून व्यायाम जमत नसेल आणि पट्ट्याने हालचाल सुधारेल असे दिसत असेल, तरच द्यावेत. मला यात फारसे भांडण दिसत नाही. व्यायाम मुख्य आहे, यावर दोघांचेही एकमत आहे. मांडीच्या पुढचा स्नायू हाच गुडघ्याचा खरा पट्टा. खुर्चीवर बसून पाय सरळ करून दहा आकडे धरायचा, खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठायचे, एवढ्यापासून तो बळकट होऊ लागतो. बाजारातला पट्टा हा व्यायाम सुरू करण्याइतका धीर देतो, आणि माझ्या मते तेवढ्यासाठी तो घ्यावा.

माप घेताना खोक्यावरच्या चित्रात दाखवले आहे त्याच जागी टेप लावा. कुठे वाटीच्या मधोमध, कुठे मांडीवर आणि पोटरीवर वाटीपासून ठरावीक अंतरावर, प्रत्येक कंपनीचे निराळे असते. दुकानातच घालून दहा मिनिटे चाला, दोनदा बसा-उठा, पायरी असेल तर चढा-उतरा. पोटरीला मुंग्या आल्या, पाऊल थंड पडले, तर तो पट्टा आपला नाही. मधुमेहाने पाय बधिर असतील, शिरा फुगलेल्या असतील किंवा पायात रक्ताची गुठळी होऊन गेली असेल, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून घट्ट काही बांधू नका. तांब्याचा धागा, चुंबक असल्या गोष्टींनी सांधेदुखी कमी होते याला आधार नाही, तेव्हा त्यांचे जास्तीचे पैसे देऊ नका. झोपताना पट्टा काढायचा. निओप्रीनमध्ये घाम साचतो, कोकणात आणि मुंबईत तर विचारू नका. रोज साध्या साबणाने धुऊन सावलीत वाळवला नाही, तर गुडघ्याऐवजी कातडीसाठी दवाखान्यात जावे लागते.

धावताना दुखले किती यापेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी काय झाले ते पाहावे. थोडेसे दुखून सकाळपर्यंत शमले तर तेवढे धावणे झेपते आहे. सूज आली, दुखणे वाढलेले राहिले, तर पुढच्या वेळी कमी. दोन मिनिटे धावणे, दोन मिनिटे चालणे, आणि लांब ढांगा न टाकता छोटी, भरभर पावले, याने गुडघ्यावरचा भार कमी होतो. वजनाचेही खरे आहे. एक किलो वजन उतरले, तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोने उतरतो. फक्त ‘वजन कमी करा बाई’ एवढे तुसडेपणाने सांगून पुढच्या पेशंटला हाक मारणाऱ्यांनी, सगळ्यांच्या नंतर उरलेले शिळे खाणाऱ्या बाईने ते कसे करायचे, हेही कधी सांगावे.

या सगळ्यात कुठल्याच पुस्तिकेत न सापडणारी एक अडचण गटातल्या मैत्रिणींनी सांगितली. पट्टा कातडीवर बसला पाहिजे. साडीत तो घालायला परकर कमरेपर्यंत वर घ्यावा लागतो, सैल सलवारीतून तो घसरला तर मैदानावर नीट कुठे करायचा? कपडे बदलायला खोली नाही, संडास असला तर कुलूप. ट्रॅकपँट घालून घरातून निघायची एकीला चोरी, म्हणून ती घरूनच पट्टा बांधून वरून साडी नेसते आणि मैदानापर्यंत तशी चालत जाते. दुसरी, बावन्न वर्षांची अंगणवाडी सेविका, नवऱ्याच्या मोटारसायकलच्या दुरुस्तीला दोन हजार सहज निघाले आणि बिजागरीच्या पट्ट्याला तेवढेच निघेनात, म्हणून मुलाची जुनी नी कॅप घालून धावत होती. ती इतकी सैल की टाचेपर्यंत उतरे. गुडघ्याच्या सांधेरोपणातल्या कृत्रिम सांध्यांवर सरकारने २०१७ च्या ऑगस्टमध्ये कमाल किमती घातल्या, आणि ते चांगलेच झाले. शस्त्रक्रिया लांबवू शकणाऱ्या गोष्टी मात्र, म्हणजे फिजिओथेरपी, नीट मापाचा पट्टा आणि दिवे असलेले मैदान, ज्याच्या-त्याच्या खिशावर सोडल्या आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात बाई गुडघ्यासाठी गेली की तिला वेदनाशामक गोळ्या मिळतात. त्या महिनोन्‌महिने घेत राहिल्याने पोटाला आणि मूत्रपिंडाला होणारा त्रास तिला कुणी सांगत नाही.

म्हणून दोन गोष्टी आम्ही ठरवल्या आहेत. वॉर्ड कार्यालयाकडे आणि ग्रामपंचायतीकडे आपण नळाचे, दिव्याचे अर्ज देतो, त्यांत मैदानावर बायकांसाठी उघडी राहणारी खोली आणि संडास हे कलम घालायचे, आणि ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस तरी फिजिओथेरपिस्ट बसावा ही मागणी करायची. अर्जाचा नमुना या अंकाच्या शेवटच्या पानावर आहे. दुसरे, पुढच्या तिमाही बैठकीला ज्यांच्याकडे पट्टे पडून आहेत त्यांनी ते धुऊन घेऊन यावेत, कपाटातला, माळ्यावरचा, न बसलेला, कुठलाही. एक फिजिओथेरपिस्ट मैत्रीण येणार आहे. साध्या आणि बिजागरीच्या पट्ट्यांची आपण मापे लावून अदलाबदल करू. येताना मापाची टेप आणि सैल पायाची सलवार आणा. खुर्च्या पुरेशा ठेवल्या आहेत.